बाटली उलटी करा, बॉस!
लोकलचा घाम आणि ऑफिसचा एसी यांनी केसांची पार वाट लावली, म्हणून मी बदामाचं चित्र बघून महागडं तेल उचललं. महिनाभर चमक होती, तुटणं मात्र तसंच. शेवटी बाटली उलटी करून वाचली. पहिलंच नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’, म्हणजे मिनरल ऑइल. बदाम पार तळाला! यादीत जे जास्त, ते आधी असतं. फक्त १ टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने येतात. मिनरल ऑइल वाईट नाही, पण ते केसांवर नुसतं बसतं. २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल यांपैकी केसांतल्या प्रोटीनची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलानं. आई हेच सांगत होती, तेही फुकटात! तेव्हा पुढच्या खरेदीला चित्र नको, यादी बघा.