जबडा 'कट्' वाजतो? घाबरू नका, पण दुर्लक्षही नको

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसलो की आम्हा शिक्षकांचे दात आपोआप आवळले जातात. संध्याकाळी कानशिलं दुखतात आणि जेवताना घास चावला की कानापाशी 'कट्' असा आवाज येतो. घरात अम्मी म्हणतात, "कान दाखवून ये." पण बऱ्याचदा कानाचा दोष नसतो, दुखणं त्याच्या शेजारच्या सांध्याचं असतं.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. त्यात हाडांच्या मध्ये कुर्चेसारखी एक छोटी चकती असते. ती जागेवरून किंचित सरकली आणि तोंड उघडताना परत जागी आली की आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर सहसा उपचारांची गरज पडत नाही. दुखणं बहुतेक वेळा दात आवळण्याने, झोपेत दात खाण्याने किंवा चिंतेने थकलेल्या स्नायूंचं असतं.

मग घरी काय करायचं?

पहिली गोष्ट सवयीची. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेलं. जबड्याची आरामाची स्थिती हीच. मोबाईल पाहताना, पोळ्या लाटताना मध्येच आठवण करून बघा, दात आवळलेत का?

दुसरी, जीभ टाळूला तशीच टेकवून तोंड हळूहळू उघडा आणि मिटा. आवाज यायच्या आधीच थांबा. सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा पुरे.

तिसरी, कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दोन्ही गालांवर दहा मिनिटं धरा. मग बोटांनी गालाचे स्नायू गोल गोल, हलक्या हाताने चोळा.

चौथी मानेची. पाठ ताठ ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या, पाच आकडे मोजा, सोडा. खांदे मागे फिरवा. मान पुढे काढून बसलं की जबड्यावरही ताण येतो.

पाचवी योगातली, भ्रामरी. ओठ मिटून, दात सुटे ठेवून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुण आवाज करा. पाच वेळा. योग म्हटलं की काही घरांत संकोच वाटतो, पण यात फक्त श्वास आणि आवाज आहे. सिंहासनात मात्र तोंड मोठं उघडावं लागतं. दुखत असेल तर ते टाळा.

काही दिवस मऊ जेवण घ्या. च्युइंगम आणि कडक हाडं चघळणं बंद ठेवा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरा. व्यायाम करताना दुखणं वाढलं तर थांबा.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात का? मावत नसतील आणि सुपारी, मावा किंवा गुटखा खायची सवय असेल, तर हा विषय 'कट्' आवाजाचा राहत नाही. सुपारीने तोंडातली आतली कातडी ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते, तोंड आवळत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी वर्गातल्या मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. नववी-दहावीच्या मुलाला वडापावचा घास नीट घेता येत नसेल तर "दाढ येत असेल" म्हणून सोडून देऊ नका. रागावण्याआधी त्याला तोंड उघडायला सांगा आणि दातांच्या डॉक्टरकडे न्या. सवय लवकर सुटली तर पुढचं नुकसान बरंच टळतं.

जबडा अडकला, सूज किंवा ताप आला, चावताना सतत दुखलं तरी डॉक्टरकडे जाच. आणि जबडा दुखत असतानाच छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर व्यायाम करत बसू नका, तडक 108 ला फोन करा.

आज रात्री दस्तरख्वानावर बसल्यावर एवढंच करा, घरातल्या प्रत्येकाला तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगा. मुलं हसतील. हसू द्या, पण प्रत्येकाची बोटं मावतात का ते मात्र बघा.