अठरा विरुद्ध शून्य

आइस हॉकीचा सामना बर्फावर होतो. युनियन कॉलेजचा निम्मा सामना मात्र प्रवेश कचेरीतच व्हायचा.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचं हे कॉलेज, विद्यार्थी जेमतेम बावीसशे. हॉकी सोडून बाकीचे खेळ डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या खालच्या स्तरावर. तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देताच येत नाही. पुरुषांची हॉकी मात्र १९९१ पासून डिव्हिजन वनमध्ये, बड्या विद्यापीठांच्या पंगतीत.

कचेरीतली भांडणं त्याहून जुनी. १९७५ मध्ये कॉलेजने हॉकीचे प्रशिक्षक म्हणून नेड हार्कनेस यांना आणलं. आरपीआय आणि कॉर्नेल या दोन्ही कॉलेज संघांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेले, एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट संघाचेही प्रशिक्षक राहिलेले हे गृहस्थ छोट्या कॉलेजात गप्प बसणार थोडेच! त्यांना बाहेर फिरून खेळाडू हेरायचे होते, आणि कॉलेज ज्या गटात खेळायचं त्या गटाला हे मंजूर नव्हतं. खेळाडूंच्या भरतीवरून आणि प्रवेशावरून प्रशासनाशी वाजलं. १९७७ च्या अखेरीस, ऐन मोसमात, हार्कनेस यांनी राजीनामा दिला. त्यांच्यापाठोपाठ सगळा संघच बाहेर पडला! उरलेला मोसम दुय्यम फळीतल्या पोरांनी कसाबसा रेटला. निकाल काय लागले असतील ते सांगायला नको.

जानेवारी २००४ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नॅशव्हिलमधल्या अधिवेशनात वेगळंच वादळ उठलं. एखाद्या खेळापुरतं वर, डिव्हिजन वनमध्ये, खेळणाऱ्या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांनी शिष्यवृत्त्या बंद कराव्यात, असा ठराव आला. जॉन्स हॉपकिन्सचं लॅक्रोस, क्लार्कसनची हॉकी, सगळंच पणाला लागलं. आठ संस्थांनी जोर लावून शिष्यवृत्ती देण्याची आपली जुनी सवलत टिकवली.  

युनियन त्या आठांत नव्हतं. त्यांनी शिष्यवृत्ती कधी दिलीच नव्हती, मग वाचवायचं काय? प्रतिस्पर्ध्यांकडे अठरा पूर्ण शिष्यवृत्त्या, यांच्याकडे शून्य. प्रशिक्षकाने पालकांना सांगायचं ते एवढंच, की आर्थिक मदतीचा अर्ज भरा. घरचं उत्पन्न बघून कॉलेज काय ते ठरवेल. असल्या उत्तरावर अठरा वर्षांचा नावाजलेला खेळाडू गळाला लागत नाही. लागतो तो ज्युनियर लीगमध्ये दोन वर्षं घासलेला, उशिरा तयार झालेला वीस-एकवीस वर्षांचा गडी. माझ्या मते युनियनचं खरं भांडवल हेच होतं. बड्यांचे हिरे लवकर एनएचएलला निघून जात. यांचे गडी वर्षानुवर्षं एकत्र मुरत.

१२ एप्रिल २०१४ ला फिलाडेल्फियात राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर मिनेसोटा. युनियनने तो ७-४ ने जिंकला. बचावपटू शेन गॉस्टिसबेहेर सातही गोलांच्या वेळी बर्फावर होता. ज्या फिलाडेल्फिया फ्लायर्सने त्याला आधीच निवडून ठेवलं होतं, त्यांचंच ते मैदान!

२०२२ मध्ये शिष्यवृत्तीचा नियम बदलला आणि युनियनने हॉकीसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्यांच्या नावावर ते एकच आहे, शिष्यवृत्तीशिवाय मिळवलेलं.