कागदाचा रंग आणि कागदावरची अक्षरे

बैल पांढरा असला की आपण त्याला ढवळ्या म्हणतो. तांबूस असला की पवळ्या. रंगावरून नाव ठेवणे सोपे असते. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही रंग ओळखता येतो.

सरकारी पुस्तकांचेही असेच झाले. इंग्लंडात कायदे करणारी सभा आहे. तिला पार्लमेंट म्हणतात. तिच्यापुढे येणाऱ्या जाड अहवालांना निळे वेष्टन असे. म्हणून लोक त्यांना 'ब्लू बुक', म्हणजे निळे पुस्तक, म्हणू लागले. लहान अहवालांना निळे वेष्टन नसे. त्यांचे नाव पडले 'व्हाईट पेपर', म्हणजे पांढरा कागद. आपण त्यालाच श्वेतपत्रिका म्हणतो. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने पाटबंधाऱ्यांच्या कामांवर अशी श्वेतपत्रिका काढली होती.

असे रंगाचे एक पुस्तक तुमच्याही घरी असेल. ते म्हणजे रेशन कार्ड!

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डे आली. वर्षाचे उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असेल, तर पिवळे. त्याहून जास्त, पण एक लाखापर्यंत असेल, तर केशरी. त्यावर पांढरे. लोकांच्या तोंडी तीच नावे बसली. "आमचं केशरी आहे हो," असे ठाणे-कल्याणच्या रेशन दुकानात सहज ऐकू येते.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका. एकाच चाळीत दोन घरी केशरी कार्डे असतात. एकाला धान्य मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. असे का?

२०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. तेव्हा केशरी कार्डांतून काही कुटुंबे निवडली. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार रुपये होती. निवडलेल्यांच्या कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का बसला. त्यांना दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. कार्डावर चार नावे असली, तर वीस किलो झाले. 'अंत्योदय' असा शिक्का असेल, तर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

म्हणजे हक्क रंगात नाही, अक्षरांत आहे. आता तुम्हाला अक्षरे येतात. मग आपले कार्ड काढा. शिक्का वाचा. घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का, ते पाहा. सून आली, मूल झाले, तर नाव घालायला हवे. नाव राहिले, तर त्या माणसाचे ५ किलोही राहिले! ठाणे, कल्याण, डोंबिवली शहरांत शिधावाटप कार्यालयात जा. शहापूर-मुरबाडकडच्या गावांतल्यांनी तहसील कचेरीत जावे.

रंग लांबून दिसतो. हक्क मात्र जवळ धरून वाचावा लागतो.