मोटारीचे ब्रेक-पॅड घरीं कसे बदलावे

शेतकऱ्याच्या दारांत जेथें पूर्वीं बैलगाडी सोडलेली असे, तेथें आतां पुष्कळ ठिकाणीं मोटार उभी असते. बियाणें व खतें आणणें, भाजी बाजारांत पोंचविणें, आजाऱ्यास दवाखान्यांत नेणें, हीं कामें तिजकडूनच होतात. विहिरीवरील पंप उघडून त्याचें बेअरिंग बदलणाऱ्या शेतकऱ्यास मोटारीचे ब्रेक-पॅड बदलणें अवघड नाहीं, व तें काम घरीं केल्यास मजुरीचे पैसे वांचतात. परंतु पंप बिघडला तर पाण्याची एक पाळी चुकते; ब्रेक चुकला तर घरचा माणूस जातो. म्हणून हें काम कसें करावें, आणि कोठें हात आंवरून गाडी कारागिराकडे न्यावी, या दोन्ही गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

रचना व कार्य:— सायकलच्या ब्रेकचे दोन रबरी ठोकळे रिमेस दोहों बाजूंनीं दाबून धरतात. मोटारीच्या पुढच्या चाकांत हीच युक्ति असते. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोहों अंगांस घर्षणद्रव्य चिकटविलेल्या पोलादी पाट्या असतात. तेच पॅड होत. त्यांस कवेंत धरणारा भाग तो कॅलिपर. पायाखालचें पेडल दाबलें कीं ब्रेक-ऑइलचा दाब नळींतून कॅलिपरमधील पिस्टनवर येतो, व पॅड डिस्कवर आवळले जातात. ही कल्पना जुनी आहे; फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरनें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें.

गाडी थांबते तेव्हां तिचा वेग नाहींसा होत नाहीं, त्याची उष्णता होते. हजार किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर त्या उष्णतेनें एक लिटर पाणी सुमारें ३३ अंश सेल्सिअसनें तापेल. वेग दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर आंवरून उतरली, तर सुमारें नऊ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीस येईल इतकी उष्णता उत्पन्न होते. खालच्या गिअरमध्यें घाट उतरावा असें जाणते ड्रायव्हर सांगतात तें याचसाठीं. झिजून पातळ झालेल्या पॅडांतून ही उष्णता सहज पलीकडे जाऊन ब्रेक-ऑइलपर्यंत पोंचते. ऑइलला उकळी फुटली कीं पेडल पोकळ जातें, आणि ऐन उतारावर गाडी हातची जाते.

पॅड केव्हां बदलावे:— नव्या पॅडावर घर्षणद्रव्याचा थर साधारणतः १० मिलिमीटरांच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरांवर आला कीं पॅड बदलावे. पुष्कळ पॅडांस एक पातळ पोलादी जीभ लावलेली असते. थर संपत आला म्हणजे ती डिस्कला घासून चीं-चीं असा आवाज करते. ही सूचना समजावी. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढें खरखर ऐकूं येते; तेव्हां पॅड संपून पोलाद बिडावर घासत असतें. प्रस्तुत लेखकानें एका हंगामांत हा आवाज “कारखान्याचा पट्टा पडल्यावर पाहूं” म्हणून दीड महिना ऐकला. परिणामीं दोन्ही डिस्क नांगरल्यासारख्या चरांनीं भरल्या, आणि नुसत्या पॅडांस जें लागलें असतें त्याच्या तिपटीहून अधिक द्यावें लागलें. या कामांतील खरी बचत मजुरी वांचविण्यापेक्षां वेळेवर पाहण्यांतच अधिक आहे.

पूर्वतयारी:— पॅड गाडीचें मॉडेल व साल सांगून खात्रीच्या दुकानांतून घ्यावे, आणि दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावे. एकाच बाजूचे बदलल्यास गाडी ब्रेक लावतांच एका अंगास ओढते. जॅक, चाकाचा पाना, कॅलिपरच्या बोल्टांस बसेल असा पाना, पिस्टन मागें सारण्यास शिकंजा, बांधण्यास तार आणि भक्कम लोखंडी स्टँड एवढें साहित्य पुरे. गाडी सपाट व कठीण जागीं उभी करावी. काळ्या मातींत किंवा ओल्या खळ्यांत जॅक लावूं नये. तो कलंडतो किंवा रुततो. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवावी, व मागच्या चाकांस मागेंपुढें लाकडी ठोकळे लावावे. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच अर्धा फेरा सैल करावे. गाडी उचलतांच चौकटीखालीं स्टँड द्यावा, आणि काढलेलें चाकही गाडीखालीं आडवें सरकवून ठेवावें. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं हात घालणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय.

कृति:— एका वेळीं एकच बाजू उघडावी, म्हणजे शंका आल्यास दुसरी बाजू पाहतां येते. उघडण्यापूर्वीं मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावें. कॅलिपरच्या सरकत्या पिनेचा खालचा बोल्ट काढला कीं बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर उचलला जातो. पूर्ण काढावा लागल्यास तो तारेनें वर बांधावा. रबरी नळीवर लोंबत ठेवल्यास नळी आंतून तुटते. जुने पॅड काढतांना कोणता आंतला व कोणता बाहेरचा, आणि क्लिपा कशा बसल्या होत्या, तें ध्यानांत ठेवावें. तेथील काळी धूळ तोंडानें अगर हवेच्या पंपानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

आतां डिस्क पाहावी. तिच्यावर किमान जाडीचा आंकडा कोरलेला असतो. जाडी त्याहून कमी झाली असेल, चीर गेली असेल किंवा खोल चर पडले असतील, तर नवे पॅड घालून उपयोग नाहीं. डिस्क बदलणेंच भाग आहे. सरकत्या पिना हातानें सहज हलल्या पाहिजेत. त्या पुसून त्यांस ब्रेकसाठीं म्हणून मिळणारें सिलिकोन ग्रीसच लावावें. चाकाच्या बेअरिंगचें साधें ग्रीस रबरास फुगविते.

यानंतर ब्रेक-ऑइलच्या डब्याचें झांकण उघडून ठेवावें. जुना पॅड पिस्टनवर ठेवून शिकंज्यानें पिस्टन हळूहळू आंत सारावा. त्या वेळीं ऑइल डब्यांत परत चढतें. मध्यंतरीं कोणी वरून ऑइल घातलें असल्यास तें उतूं जाऊन गाडीच्या रंगाचा नाश करतें, म्हणून आधींच थोडें काढून घ्यावें. नवे पॅड क्लिपांत बसवावे. त्यांच्या घर्षणाच्या अंगास तेल, ग्रीस किंवा तेलकट बोटही लागूं देऊं नये. कॅलिपर खालीं आणून बोल्ट कंपनीनें सांगितलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावा. चाक बसवून नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, व गाडी खालीं आल्यावर पुन्हां एकदां घट्ट करावे.

विसरूं नये अशी गोष्ट:— पिस्टन मागें सारलेला असल्यामुळें पहिल्या दाबाला पेडल तळापर्यंत जातें. म्हणजे त्या क्षणीं गाडीस ब्रेकच नसतो. यासाठीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं पेडल पुनःपुन्हां दाबून तें कठीण लागेपर्यंत थांबावें, आणि मगच गाडी हलवावी. डब्यांतील ऑइल खुणेपर्यंत आहे ना तें पाहून झांकण लावावें. प्रथम मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरांवरून २० पर्यंत बेतानें वेग कमी करावा. असें मध्यें थोडें थांबत आठ-दहा वेळां केलें कीं पॅड डिस्कवर बसतात. पहिले दोनतीनशें किलोमीटर जड भार घेऊन घाट उतरूं नये.

कोठें थांबावें:— पेडल स्पंजासारखें दबतें, पिस्टनजवळ ऑइल पाझरतें, नळीस भेगा आहेत किंवा पिस्टन आंत सरकतच नाहीं, असें दिसल्यास पुढें हात घालूं नये. मागच्या चाकांचें काम तर घरीं करूंच नये. तेथें हँडब्रेकची यंत्रणा जोडलेली असते, काहीं गाड्यांत पिस्टन फिरवून आंत न्यावा लागतो, तर काहींत ती यंत्रणा विजेवर चालते. ब्रेक-ऑइलच्या डब्यांत इंजिन-ऑइल किंवा डिझेल थेंबभरही पडूं देऊं नये; आंतील सर्व रबर फुगून संपूर्ण ब्रेक निकामी होतो. डब्याच्या झांकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें जें लिहिलें असेल तेंच ऑइल घालावें. हें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलाव्यानें त्याचा उत्कलनबिंदु उतरतो. डॉट ३ चा किमान २०५ अंशांवरून १४० अंशांवर येतो. यास्तव दर दोन वर्षांनीं तें बदलून घ्यावें.

पहिल्या खेपेस एखाद्या जाणत्या कारागिरास शेजारीं बसवून, त्याची मजुरी देऊन, काम आपल्या हातानें करावें. ती मजुरी शिक्षणाची फी समजावी. पुढें दर पेरणीपूर्वीं व दर सुगीनंतर जसें औत-पंप तपासतों, तसें चाक काढून पॅडांची जाडी पाहण्याची संवय ठेवावी. या पाहणीस पैसा लागत नाहीं, आणि तिनें घरचीं माणसें सुखरूप घरीं येतात.