जाड तेल घातलं म्हणजे शॉक सुधारला?

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी बगी उडीनंतर खाली आपटली, की सल्ला ठरलेला: ‘शॉकमध्ये जाड तेल घाल.’ पण तेलाचा दाटपणा हा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा पिस्टनच्या भोकांत असतो.

शॉकच्या आत तेलात बुडालेला चकतीसारखा पिस्टन असतो, त्याला दोन-चार बारीक भोकं. चाक वर आलं की पिस्टन सरकतो आणि तेल भोकांतून पलीकडे जातं. लहान भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि दाट तेल, या दोन्ही जोड्या हाताने सावकाश दाबून पाहिल्या तर सारख्याच वाटू शकतात. फरक कळतो तो जोराच्या धक्क्यात. वेग वाढला की भोकांतला प्रवाह खवळतो, आणि मग विरोध मुख्यतः भोकांच्या आकारावर ठरतो. लहान भोकांचा शॉक अशा वेळी जवळजवळ अडतो. याला ‘पॅक’ होणं म्हणतात. मोठ्या उडीवरून उतरताना ते हवंच असतं, कारण चॅसी जमिनीला आपटत नाही. खाचखळग्यांच्या ट्रॅकवर मात्र तोच शॉक चाकाला वर येऊ देत नाही आणि गाडी उधळते. 1.6 मिमीचं भोक 1.7 मिमी केलं तरी त्याचं क्षेत्रफळ सुमारे 13 टक्क्यांनी वाढतं, म्हणून आधी पिस्टन ठरवावा, तेल नंतर.

‘शॉकमध्ये हवेचा थेंबही नको’ हा दुसरा हट्ट. पिस्टनचा दांडा, म्हणजे शाफ्ट, 3 मिमी जाडीचा असेल आणि 25 मिमी आत शिरला की सुमारे 0.18 मिली जागा व्यापतो. तेल दबत नाही, तेव्हा तेवढी जागा कुठून तरी मिळायलाच हवी. ब्लॅडरच्या शॉकमध्ये झाकणाखालचा रबरी पडदा वर सरकून ती देतो. इमल्शन शॉकमध्ये पडदाच नसतो. थोडी हवा मुद्दाम ठेवतात आणि ती तेलात घुसळली जाते. दोन्ही रचना चालतात. चूक होते ती डाव्या-उजव्या शॉकमध्ये हवा कमी-जास्त राहिली की. स्प्रिंग काढून दोन्ही शाफ्ट आत ढकला, मग सोडा. ते सारखेच बाहेर यायला हवेत.

शॉकसारखं दिसणारं सगळंच तेलाचं असतं असंही नाही. 1984 ची टामिया ग्रासहॉपर स्प्रिंग आणि घर्षणावर भागवायची. त्याच वर्षीच्या असोसिएटेड आरसी10 ला मात्र चारही बाजूंना ॲल्युमिनियमचे तेलाचे शॉक होते. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवून परत देते. त्या ऊर्जेची उष्णता करून ती संपवतं ते तेल. ॲल्युमिनियमची बॉडी टिकते आणि नेमकी बनते हे खरं, पण नीट भरलेला प्लास्टिकचा शॉक कशाबशा भरलेल्या धातूच्या शॉकपेक्षा कधीही बरा.

तेल घेताना बाटलीवरचा ‘30’ हा वेटचा आकडा पाहून फसू नका, कारण एका कंपनीचा 30 दुसरीच्या 30 शी जुळेलच असं नाही. सीएसटीचा (सेंटिस्टोक, दाटपणाचं एकक) आकडा पाहा. आणि उन्हाळ्यात तेल पातळ होतं, म्हणून मे महिन्यात थोडं दाट तेल लागलं तर ते अगदी रास्त आहे.