दोन मण्यांची नळी

विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच सुटला. पुढे बी.ए. आणि कविता. पण अम्मीला विस्मरणाचा आजार जडला, माझं नावही तिला आठवेना, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून ‘अमायलॉइड’ हा शब्द ऐकला आणि मी त्याच्या मागे लागलो.

अल्झायमरमध्ये मेंदूत प्रथिनाचे काही तुकडे साचतात. एकेक तुकडा म्हणजे अमिनो आम्लांच्या ४०-४२ मण्यांची माळ. या माळा एकमेकींना चिकटून तंतू होतात, तंतूंचे पुंजके होतात. त्यातला १९वा आणि २०वा मणी एकच, फेनिलअलानिन. तेल अवीव विद्यापीठातल्या एहुद गाझित आणि मैताल रेचेस यांना प्रश्न पडला, चिकटण्याची ही खोड किती लहान तुकड्यात शिल्लक राहते? त्यांनी फक्त हे दोन मणी घेतले, द्रावकात विरघळवले आणि पाण्यात मिसळले. पाहतात तो पोकळ, सरळ नळ्या तयार! केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. ही गोष्ट २००३ सालची.

आता तुम्ही म्हणाल, नळी बांधली कोणी? कोणीच नाही. या मण्याला कार्बनच्या सहा अणूंचं एक कडं असतं. तेलासारखं ते पाणी टाळतं, म्हणून पाण्यात पडताच कडी एकमेकांजवळ सरकतात. शिवाय रेणूच्या एका टोकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. टोकं एकमेकांना ओढतात. नॉर्वेच्या गॉर्बिट्झ यांनी २००१ मध्ये या रेणूंच्या स्फटिकात पाहिलं होतं, सहा रेणू गोल बसतात आणि मधे अरुंद वाट राहते. गवंडी नाही, साचा नाही. शेर दोन ओळींतच पुरा होतो, त्यामुळे दोन मण्यांचं मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं.

त्याच शास्त्रज्ञांनी नळीत चांदीचे आयन भरले, त्यांची धातूरूप चांदी केली आणि मग एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, नळी विरघळवून टाकली. मागे उरली चांदीची तार, जाडी २० नॅनोमीटर. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक!

मग तेच विकर अम्मीच्या मेंदूत का सोडत नाही, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “ते निवड करत नाही हो. समोर येईल ते प्रथिन तोडतं.”