गटनिहाय बेरीज : संख्याशास्त्रीय आज्ञावलीतील प्रक्रिया व तिचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
महाविद्यालयीन कामकाजात व संशोधनात गटनिहाय बेरजेची गरज वारंवार भासते. शाखानिहाय विद्यार्थिसंख्या, विषयनिहाय उत्तीर्णांची संख्या, गावनिहाय पीक उत्पादन ही तिचीच रूपे होत. संगणकामुळे हे काम आता क्षणार्धात होते. तथापि गट कोणत्या चलानुसार पाडावेत, हा निर्णय अभ्यासकालाच घ्यावा लागतो व निष्कर्षाची दिशा पुष्कळदा त्यावरच ठरते. प्रस्तुत लेखात ‘आर’ या संगणकीय भाषेच्या आधारे ही प्रक्रिया व तिचा अन्वयार्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप :
न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ भाषेची निर्मिती केली. तिची १.०.० ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यात गटनिहाय बेरजेचे काम तीन टप्प्यांत होते. प्रथम गटदर्शक चलानुसार नोंदींची विभागणी होते. नंतर प्रत्येक गटातील मूल्यांची स्वतंत्र बेरीज होते. अखेरीस सर्व बेरजा एका तक्त्यात एकत्र येतात.

यासाठी ‘ॲग्रिगेट’ व ‘टी-अप्लाय’ ही दोन फलने प्रामुख्याने वापरली जातात. दोहोंनाही तीन गोष्टी सांगाव्या लागतात : बेरीज कशाची, गट कशाचे आणि क्रिया कोणती. ‘ॲग्रिगेट’चे उत्तर प्रत्येक गटाला एक ओळ अशा यादीच्या रूपात मिळते. ‘टी-अप्लाय’ला दोन गटदर्शक चले दिल्यास उत्तर आडव्या-उभ्या तक्त्याच्या रूपात येते.

उदाहरण :
‘आर’ सोबतच मिळणारा ‘यूसीबी ॲडमिशन्स’ हा विदासंच या दृष्टीने उद्बोधक आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांपैकी सर्वांत मोठ्या सहा विभागांची माहिती त्यात आहे. विभागांची नावे न देता ए ते एफ ही अक्षरे दिलेली आहेत. प्रवेशाचा निर्णय, लिंग व विभाग ही तीन गटदर्शक चले असून एकूण ४,५२६ अर्ज २४ ओळींत सामावले आहेत.

केवळ लिंगनिहाय बेरीज केल्यास २,६९१ पुरुष अर्जदारांपैकी १,१९८ जणांना, म्हणजे ४४.५ टक्के, आणि १,८३५ स्त्री अर्जदारांपैकी ५५७ जणींना, म्हणजे ३०.४ टक्के प्रवेश मिळाल्याचे दिसते. यावरून स्त्रियांवर अन्याय झाला, असा निष्कर्ष कोणीही काढेल. मात्र त्याच आज्ञेत विभाग हे आणखी एक चल घातले की पुढील चित्र समोर येते.

तक्ता क्र. १ : विभागनिहाय प्रवेशाचे प्रमाण (टक्के)
विभाग ए : पुरुष ६२.१, स्त्रिया ८२.४
विभाग बी : पुरुष ६३.०, स्त्रिया ६८.०
विभाग सी : पुरुष ३६.९, स्त्रिया ३४.१
विभाग डी : पुरुष ३३.१, स्त्रिया ३४.९
विभाग ई : पुरुष २७.७, स्त्रिया २३.९
विभाग एफ : पुरुष ५.९, स्त्रिया ७.०

सहापैकी चार विभागांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. उरलेल्या दोहोंत फरक अल्प आहे. एकत्रित आकडे उलट का दिसतात, याचे उत्तर अर्जांच्या विभागनिहाय बेरजेत सापडते. ए व बी या प्रवेश सुलभ असलेल्या विभागांत पुरुषांचे १,३८५ अर्ज होते, तर स्त्रियांचे अवघे १३३. बहुसंख्य स्त्रियांनी जेथे प्रवेश कठीण होता अशा विभागांकडे अर्ज केले होते. बिकेल, हॅमेल व ओ’कॉनेल यांनी १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रवेशांचे विश्लेषण मांडले. संख्याशास्त्रात या प्रकारास ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात.

याचा अर्थ विषमतेचा प्रश्नच उरत नाही, असा नव्हे. स्त्रिया विशिष्ट विषयांकडेच का वळतात, हा प्रश्न शिल्लक राहतोच. फक्त तो प्रवेश समितीकडून शालेय शिक्षण व समाजाकडे सरकतो. प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला गेला तर उपायही चुकीच्या ठिकाणी होतो.

घ्यावयाची दक्षता :
१) एखादे मूल्य अनुपलब्ध असल्यास बेरीजही अनुपलब्ध दाखवली जाते. अशी मूल्ये वगळण्याची सूचना देता येते. परंतु गटातील सर्वच मूल्ये अनुपलब्ध असतील तर उत्तर शून्य येते. माहिती नसणे व शून्य असणे यांतील भेद त्यामुळे पुसला जातो.
२) ‘ॲग्रिगेट’ला सूत्ररूपात आज्ञा दिल्यास अपूर्ण नोंदी कोणतीही सूचना न देता वगळल्या जातात.
३) ‘वाणिज्य’ या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी संगणक तो वेगळा गट मानतो. म्हणून बेरजेपूर्वी गटांच्या नावांची यादी पाहणे आवश्यक ठरते.
४) सर्व गटांच्या बेरजांची बेरीज मूळ एकूण बेरजेशी जुळते की नाही, हे ताडून पाहावे.
५) टक्केवारीसोबत मूळ संख्याही द्यावी. वरील बी विभागातील स्त्रियांचे ६८ टक्के हे प्रमाण केवळ २५ अर्जांवर आधारलेले आहे.

निष्कर्ष :
गटनिहाय बेरीज ही तंत्रदृष्ट्या सोपी असली तरी अन्वयार्थाच्या दृष्टीने जबाबदारीची क्रिया आहे. बेरीज करताना ज्या चलाचा विचार केलेला नसतो, त्याचा प्रभाव उत्तरात दडून राहतो. महाविद्यालयाचे निकाल वा प्रवेश यांचे आकडे मांडताना किमान एक पर्यायी गटवारी तपासूनच निष्कर्षाप्रत येणे उचित ठरेल. दोन्ही गटवारींतून एकच चित्र दिसल्यास निष्कर्षास बळकटी येते. भिन्न चित्र दिसल्यास खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.